क्लोरीनचा वास गेला म्हणून ट्रायहॅलोमिथेन जात नाहीत

'नळाच्या पाण्याला वास येतोय, म्हणजे कॅन्सरचं विष आहे. रात्रभर ठेवा, सकाळी वास गेला की प्या.' पावसाळा आला की हा सल्ला फिरायला लागतो. यात वास येणारा क्लोरीन आणि कॅन्सरची शंका ज्यांच्यावर आहे ती ट्रायहॅलोमिथेन नावाची रसायनं, या दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे, आणि ती थांबावी असं मला मनापासून वाटतं.

क्लोरीन तुमच्या ओळखीचा आहे. गावात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, शहरात क्लोरीनचा गॅस. गावाच्या पाण्याची देखरेख करणारा जलसुरक्षक नमुन्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडीन या तपासणीच्या द्रावणाचे) थेंब टाकतो, पाणी पिवळं झालं की क्लोरीन शिल्लक आहे. नळाला तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. वास त्याचा.

ट्रायहॅलोमिथेन मात्र कुणी पाण्यात टाकत नाही. पालापाचोळा कुजून पाण्यात उतरलेल्या सेंद्रिय द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग झाला की ती तयार होतात. त्यांतलं मुख्य म्हणजे क्लोरोफॉर्म. नेदरलँड्सच्या योहान्स रूक यांनी १९७४ साली हे दाखवून दिलं.

खरी गोम वेळेत आहे. साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन कमी होतो, पण सगळाच काही उडून जात नाही. बराचसा त्या सेंद्रिय द्रव्यांवर खर्ची पडतो, आणि त्या खर्चातूनच ट्रायहॅलोमिथेन वाढतात. गच्चीवरची बंद टाकी उन्हानं तापली की हे आणखी वेगानं होतं. म्हणून जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला क्लोरीन सगळ्यात कमी आणि ट्रायहॅलोमिथेन सगळ्यात जास्त, असं सहज घडतं. ओटीच्या नळीत ती दिसत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफ हे रसायनं वेगळी करून मोजणारं यंत्र लागतं.

भारतीय मानकात क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम आहे. ही काळजी वर्षानुवर्षं पोटात जाणाऱ्या पाण्याची. कॉलरा काही तासांत माणूस नेतो. त्यामुळे 'टीसीएल बंद करा' म्हणणाऱ्यांचं मी अजिबात ऐकणार नाही. आग्रह धरायचा तो शुद्धीकरण केंद्रात: आधी तुरटीनं गाळ बसवा, पाणी गाळा, मग क्लोरीन द्या. गढूळ पाण्यातच तो भरमसाट ओतणं मला मुळीच पटत नाही.

घरी? यूव्ही दिव्यानं ट्रायहॅलोमिथेन जात नाहीत. कार्बनचा फिल्टर क्लोरीन आणि ट्रायहॅलोमिथेन दोन्ही धरतो, पण कार्ट्रिज वेळच्या वेळी बदललं तरच. क्लोरोफॉर्म साधारण ६१ अंशांना उकळतो, म्हणून उघड्या पातेल्यात पाणी खळखळून उकळलं की तो बराचसा निघून जातो. ती वाफ घरात साचू नये म्हणून खिडकी उघडी ठेवा. आणि उकळलेल्या पाण्यात राखणीला क्लोरीन उरत नाही, तेव्हा ते झाकून ठेवा आणि त्याच दिवशी संपवा.