नथीनीम
बाबिलोनच्या बंदिवासानंतर (इ. स. पू. सहाव्या शतकात यहुद्यांना बाबिलोनला नेऊन ठेवले होते) जेरूसलेमच्या मंदिरात लेवींच्या, म्हणजे मंदिरसेवेसाठी नेमलेल्या लेवी वंशाच्या लोकांच्या, हाताखाली काम करणारा सेवकवर्ग. या हिब्रू नावाचा अर्थ ‘दिलेले’, म्हणजे मंदिराला वाहिलेले, असा होतो. बायबलमध्ये त्यांचे उल्लेख एज्रा व नहेम्या या ग्रंथांत येतात. त्यांबाहेर केवळ एकदा, पहिल्या इतिहासग्रंथात (9:2).

बंदिवासातून पहिला गट परत आणणारा नेता जरूब्बाबेल याच्याबरोबर परतलेल्यांच्या यादीत नथीनीम व ‘शलमोनाच्या सेवकांचे वंशज’ मिळून 392 जण आहेत, तर लेवी अवघे 74. पुढे दुसरा गट घेऊन परतताना धर्मशास्त्री एज्राने (परंपरागत कालगणनेनुसार इ. स. पू. 458, काही अभ्यासक इ. स. पू. 398 मानतात) अहवा नदीकाठी माणसे मोजली, तेव्हा एकही लेवी आढळला नाही. कासिफ्या या ठिकाणाहून माणसे मागवल्यावर सुमारे 38 लेवी आणि 220 नथीनीम आले. दावीद राजा व सरदारांनी नथीनीमांना लेवींच्या सेवेसाठी नेमले होते, असे एज्रा सांगतो. बंदिवासापूर्वीच्या ग्रंथांत मात्र अशा नेमणुकीचा उल्लेख नाही.

त्यांच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. मोशेनंतरचा इस्राएली नेता यहोशवा याने गिबोन नगरीच्या परकी रहिवाशांना वेदीसाठी लाकूडतोडे व पाणके केले (यहोशवा 9). तेच नथीनीम, असे तालमूद हा यहुदी धर्मग्रंथ मानतो. हे मत दीर्घकाळ रूढ असले, तरी त्याचा आधार कच्चा आहे. नहेम्याच्या यादीत गिबोनचे 95 लोक नथीनीमांपासून वेगळे, सामान्य इस्राएलांत मोजलेले आहेत. वेदीच्या लाकडांसाठीही याजक, लेवी व लोक यांच्यातच चिठ्ठ्या टाकल्या गेल्या (नहेम्या 10:34). तेथे नथीनीमांचे नाव नाही. दुसरे मत ते युद्धकैद्यांचे वंशज असावेत असे आहे. मऊनीम, नफूसीम, सीसरा, रसीन अशी परकी वळणाची नावे त्याला पुष्टी देतात. पण नावे परकी असली म्हणून माणसे गुलाम ठरत नाहीत. अभ्यासक बारूख लेव्हिन यांनी 1963 मध्ये त्यांना मंदिराशी निगडित स्वतंत्र व्यावसायिक संघ मानले. बाबिलोनी मंदिरांतील ‘शिर्कू’ या वाहिलेल्या सेवकांशीही त्यांची तुलना होते, परंतु दोहोंत थेट संबंध दाखवणारा पुरावा नाही.

एज्रा-नहेम्यातील चित्र लेव्हिन यांच्या मताला अधिक जुळते. पर्शियाच्या अर्तहशश्त राजाच्या फर्मानाने याजक व लेवींप्रमाणे नथीनीमांनाही खंडणी, कर व जकात माफ झाली (एज्रा 7:24). जेरूसलेमच्या पाणीवेशीसमोर ओफेल टेकडीवर त्यांची वस्ती होती आणि सीहा व गिश्पा हे त्यांचे प्रमुख होते. नियमशास्त्र पाळण्याच्या कराराची शपथही त्यांनी इतरांबरोबर घेतली. दैनंदिन कामांचा तपशील या ग्रंथांत नाही.

पुढील काळात त्यांचा दर्जा घसरलेला दिसतो. मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात (सु. इ. स. 200) बाबिलोनहून आलेल्या दहा वंशवर्गांमध्ये त्यांची गणना आहे, सामान्य इस्राएलांशी त्यांचा विवाह निषिद्ध असून धर्मांतरित, मुक्त केलेले दास व ‘मामझेर’ (निषिद्ध संबंधांतून जन्मलेले) यांच्याशी तो चालतो.