पुण्याचा प्लेग आणि वायोमिंगचं फेरेट

अमेरिकेत काही वाइल्डलाइफ बायोलॉजिस्टच्या हुद्द्यात 'नॉनगेम' असा शब्द असतो. आपल्याला तो चटकन कळत नाही, कारण आपल्याकडे 1972 च्या कायद्यानंतर शिकार जवळपास बंदच. तिकडे गेम म्हणजे शिकारीचे प्राणी, हरणं, बदकं वगैरे, आणि त्यांच्या जतनाला पैसा येतो तो शिकारीच्या लायसन्समधून आणि बंदुका-काडतुसांवरच्या टॅक्समधून (हा 1937 पासून). ज्याला कोणी गोळी घालत नाही त्याच्या वाट्याला उरलंसुरलं.

असाच एक प्राणी म्हणजे काळ्या पायांचं फेरेट. मुंगसासारखं लांबुडकं, डोळ्यांवर चोराचा मुखवटा. हे संपलं असंच सगळे धरून चालले होते, तर 1981 मध्ये वायोमिंगमधल्या मीटीत्सी गावाजवळ शेप नावाच्या कुत्र्याने एक मेलेलं फेरेट मालकाच्या घरी आणून टाकलं! शोधल्यावर तिथे अख्खी वस्ती सापडली. पण 1985 मध्ये रोगाने ती झपाट्याने घटली आणि 1987 पर्यंत उरलेली 18 पकडून आणावी लागली, त्यातल्या फक्त 7 जणांचा वंश पुढे चालला.

आता गंमत बघा. फेरेट खातं काय, तर जवळजवळ फक्त प्रेरी डॉग, म्हणजे बिळात राहणारी खारीची भावंडं. आणि त्यांना मारतो प्लेग, 1896 ला मुंबईत, पुढच्या वर्षी पुण्यात ज्याने घरं रिकामी केली तोच, तीच साथ जहाजांतून 1900 च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोला उतरली. तिकडच्या प्राण्यांनी हा जंतू कधी पाहिलेलाच नव्हता, त्यामुळे प्रेरी डॉगची वस्तीच्या वस्ती साफ होते, आणि फेरेटलाही तो होतो.

मग बायोलॉजिस्ट दिवसा काय करतो, तर बिळाबिळात प्लेग पसरवणाऱ्या पिसवा मारायची पावडर फवारत फिरतो. रात्री स्पॉटलाइट घेऊन गाडीतून पहाटेपर्यंत चक्कर, कुठे हिरवे डोळे चमकले की त्या बिळाच्या तोंडाशी पिंजरा, सापडलं तर लस, मायक्रोचिप, आणि परत सोडून द्यायचं. डोळे चमकलेच नाहीत तर तेही वहीत लिहायचं. मला तरी हे काम वाघामागे कॅमेरा घेऊन फिरण्यापेक्षा अवघड वाटतं, फोटोही धड येत नाही.

2020 मध्ये, 1988 पासून गोठवून ठेवलेल्या पेशींपासून एक मादी क्लोन केली, एलिझाबेथ अ‍ॅन. त्याच गोठवलेल्या पेशींपासूनची दुसरी क्लोन अँटोनिया, तिला 2024 मध्ये पिल्लंही झाली. पण क्लोन असो की साधं, खाणार प्रेरी डॉगच, त्यामुळे पावडरचा डबा काही खाली ठेवता येत नाही.