थर्मल कॅमेरा भिंतीपलीकडचे पाहत नाही

‘पोलिसांच्या थर्मल कॅमेऱ्याला बंद घरातली माणसे दिसतात’ हा समज चित्रपटांनी रुजवला. तो चुकीचा आहे.

हा कॅमेरा ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण टिपतो, म्हणजे समोरच्या पृष्ठभागाचे तापमान दाखवतो. संवेदनशीलता सुमारे ०.०५ अंश सेल्सिअसपर्यंत असते, पण भिंतीकडे रोखला तर भिंतीचेच तापमान दिसते. आत हीटर किंवा प्रखर दिवे असतील तर भिंतीचा तो भाग उबदार दिसेल, एवढेच. २००१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने घरावर असा कॅमेरा रोखणे हीसुद्धा झडती ठरवली. तिथेही घरातली माणसे नव्हे, छत आणि भिंतीची उष्णता दिसली होती.

साध्या काचेतूनही हे किरण आरपार जात नाहीत. म्हणून कॅमेऱ्याचे भिंग हे किरण आरपार जाऊ देणाऱ्या जर्मेनियम या मूलद्रव्याचे असते. गस्तीच्या गाडीची काच खाली न करता कॅमेरा बाहेर रोखला, तर काचेचे तापमान आणि स्वतःचेच प्रतिबिंब दिसते. पहाटे-संध्याकाळी परिसर आणि लक्ष्य सारख्याच तापमानाला आले की चित्र सपाट होते. नंबरप्लेट सहसा वाचता येत नाही, चेहऱ्याची ओळखही भरवशाची नसते.

हिरवे चित्र देणारी नाइट व्हिजन दुर्बीण वेगळी. ती चांदण्यांचा क्षीण प्रकाश हजारो पटींनी वाढवते. प्रकाशच नसेल तर अवरक्त दिवा लागतो. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा दिवा जवळून मंद लाल दिसतो. ९४० चा दिसत नाही, मात्र त्याचा पल्ला कमी पडतो.