राइड आरक्षण (थीम पार्क)

थीम पार्कमधल्या एखाद्या राइडवर ठरावीक वेळी, लांब रांगेत न थांबता बसता यावे म्हणून आधी जागा धरून ठेवण्याची पद्धत म्हणजे राइड आरक्षण. पार्कच्या प्रवेश-तिकिटाशी याची गल्लत करू नये. तिकीट फाटकातून आत सोडते, पुढे राइडच्या दाराशी काय होणार ते आरक्षणावर ठरते. ही जागा काही पार्कांत कित्येक दिवस आधी धरता येते, तर काही ठिकाणी फक्त त्याच दिवशी, आत पाऊल ठेवल्यावर. रेल्वेचे आगाऊ आरक्षण आणि तत्काळ यांतला फरक ज्याला ठाऊक आहे त्याला निम्मा विषय आधीच कळलेला असतो. उरलेल्या निम्म्याला मात्र रेल्वेची उपमा पुरत नाही. रेल्वेत आरक्षितांचे डबे वेगळे असतात. इथे आरक्षणवाला आणि बिनआरक्षणवाला शेवटी एकाच गाडीत शेजारी-शेजारी बसतात. एक वीस मिनिटांत तिथे पोहोचलेला असतो आणि दुसरा दीड तासाने. या पद्धतीबद्दलची बहुतेक भांडणे या एका गोष्टीतून निघतात.

पद्धतीची सर्वांत मोठी, आणि सर्वांत जास्त वेळा मोडून पुन्हा मांडलेली प्रयोगशाळा म्हणजे डिस्नेची पार्के. त्यामुळे ही नोंद मुख्यतः त्यांच्याभोवती फिरते.

कुपनांपासून फास्टपासपर्यंत

कॅलिफोर्नियातले डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी उघडले आणि त्याच वर्षी तिथे कुपनांची पुस्तिका आली. प्रवेशाचे पैसे वेगळे, प्रत्येक राइडचे कुपन वेगळे. राइड लहान की मोठी त्यानुसार कुपनांच्या ए, बी, सी अशा श्रेणी होत्या, त्यात पुढे भर पडत गेली आणि १९५९ मध्ये सर्वांत वरची ई श्रेणी आली. पुस्तिकेत ई कुपने मोजकी असत, म्हणून लोक ती जपून वापरत. ए कुपने मात्र उरून घरच्या खणात पडत. आरक्षण असे काही नव्हते, पण गर्दी वाटली जात होती, कारण मोठ्या राइडवर चारदा बसायचे तर वेगळे पैसे मोजावे लागत. १९८२ मध्ये ही कुपने बंद झाली आणि एका तिकिटात सगळ्या राइड असा कारभार सुरू झाला. तेव्हापासून राइडची खरी किंमत पैशांऐवजी मिनिटांत मोजली जाऊ लागली.

मिनिटांवर उपाय म्हणून १९९९ मध्ये फास्टपास आला, आधी फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये आणि त्याच वर्षअखेर कॅलिफोर्नियात. राइडच्या बाहेर यंत्रे उभी असत. आपले प्रवेश-तिकीट त्यात सरकवले की कागदाची चिठ्ठी बाहेर येई आणि तिच्यावर एक तासाची वेळ छापलेली असे. समजा, दुपारी १:४० ते २:४०. त्या वेळेत परत यायचे आणि वेगळ्या दाराने आत शिरायचे. पैसे लागत नसत. यंत्रांच्या वर एक घड्याळवजा पाटी असे, सध्या कोणत्या वेळेचे पास निघत आहेत ते दाखवणारी. सकाळी नऊला ती साडेनऊ दाखवे, अकराला दुपारचे चार, आणि गाजलेल्या राइडवर जेवणाच्या वेळेआधीच पास संपल्याची पाटी लागे. एक चिठ्ठी घेतली की तिची वेळ सुरू होईपर्यंत, किंवा दोन तास होईपर्यंत (जे आधी होईल ते), दुसरी मिळत नसे. कुटुंबातला एक पायाने खंबीर सभासद सगळ्यांची तिकिटे घेऊन यंत्राकडे पळे आणि बाकीचे सावलीत आइस्क्रीम खात थांबत. वेळ टळून गेल्यावरही चिठ्ठी चालवून घेतली जाई. ही सवलत फ्लोरिडात २०१२ मध्ये संपली.

कागदी फास्टपास पूर्णपणे त्याच दिवसाचा होता. लवकर उठणाऱ्याला आणि चालणाऱ्याला फायदा, बाकीच्यांना उरलेसुरले. अन्याय होता, पण तो डोळ्यांना दिसत होता. पाटी सर्वांसाठी एकच होती.

साठ दिवस आधी

२०१३-१४ मध्ये फ्लोरिडाच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डने यंत्रे काढून टाकली आणि फास्टपास प्लस आणला. मनगटावर रबरी मॅजिकबँड, फोनवर अ‍ॅप, आणि दिवसाला तीन राइड आधीच ठरवून ठेवण्याची सोय. या सगळ्या यंत्रणेवर सुमारे १ अब्ज डॉलर खर्च झाल्याच्या बातम्या तेव्हा गाजल्या. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना ६० दिवस आधी आणि बाहेर राहणाऱ्यांना ३० दिवस आधी जागा धरता येई. सुट्टीत कोणत्या मंगळवारी दुपारी तीन वाजता आपण कुठे असू, हे दोन महिने आधी ठरवणे आले. २०१७ मध्ये ‘अवतार’ चित्रपटावरील फ्लाइट ऑफ पॅसेज ही राइड सुरू झाल्यावर बाहेर राहणाऱ्याच्या तीसाव्या दिवशी तिच्यात फारसे काही उरत नसे.

मार्च २०२० मध्ये साथीमुळे पार्के बंद झाली आणि फास्टपास प्लस परत आलाच नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच्या जागी फ्लोरिडात जिनी प्लस आले, माणशी दिवसाला १५ डॉलर; डिसेंबरात कॅलिफोर्नियात २० डॉलर. जे बावीस वर्षे फुकट होते त्याला दर लागला आणि वर्षभरात तो दर तारखेप्रमाणे चढू-उतरू लागला. जिनी प्लस पुन्हा त्याच दिवसाचे होते: सकाळी सातच्या ठोक्याला पहिली जागा धरायची. लोकांची तक्रार अशी की सुट्टीतही गजर लावून उठावे लागते. त्यावर २४ जुलै २०२४ पासून फ्लोरिडात नवी मांडणी आली, तिचे नाव लाइटनिंग लेन मल्टी पास. डिस्नेच्या हॉटेलातल्या पाहुण्यांना ७ दिवस आधी संपूर्ण मुक्कामासाठी, इतरांना ३ दिवस आधी, प्रत्येकी तीन राइड. सर्वांत मोठ्या एखाद-दुसऱ्या राइडसाठी सुटा सिंगल पास. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रीमियर पासही आला. त्यात वेळेचे बंधनच नाही, हवे तेव्हा जा. सुरुवातीचा दर पार्क आणि तारखेनुसार १२९ ते ४४९ डॉलर होता, एका माणसाला, एका पार्कसाठी, एका दिवसाचा.

गजर मात्र गेला नाही. तो आता तीन किंवा सात दिवस आधी वाजतो. फ्लोरिडाच्या सकाळी सातला पुण्यात दुपारचे साडेचार झालेले असतात, आणि अमेरिकेतली घड्याळे नोव्हेंबरात मागे गेली की साडेपाच. मुलांकडे अमेरिकेला निघालेले आजी-आजोबा आणि तिकडची मुले अशी मिळून सहल ठरते तेव्हा हा तास हमखास चुकतो. शिवाय गटातल्या प्रत्येकाचे तिकीट अ‍ॅपमध्ये एकाच यादीत जोडलेले नसेल तर नातवाला जागा मिळते आणि आजोबा राहतात.

त्याच दिवशीची जागा

आगाऊ बुकिंगच्या चर्चेत एक समज नेहमी दिसतो: पडद्यावर ‘जागा नाही’ आले म्हणजे विषय संपला. तसे नसते. आगाऊ वाटलेल्या जागा दिवसभर हलत राहतात. कुणी दुपारची वेळ बदलून संध्याकाळची घेतो, कुणाचे मूल झोपते, कुणी वादळी पाऊस पाहून हॉटेलवर परततो. सोडलेली प्रत्येक वेळ लगेच पडद्यावर उमटते आणि काही सेकंदांत दुसरा कुणी ती उचलतो. म्हणून अनुभवी मंडळी पडदा खाली ओढून ताजा करत राहतात. रांगेत उभ्या माणसाचा अंगठा सारखा खाली सरकताना दिसला तर तो हेच करतो आहे असे खुशाल समजावे.

मल्टी पासचे नियमही त्याच दिवशीच्या जागेला महत्त्व देतात. आधी धरलेल्या तीनपैकी पहिली राइड वापरून झाली की चौथी घेता येते, ती वापरली की पाचवी, असे हातात एका वेळी तीन ठेवत दिवसभर चालते. म्हणून पहिली वेळ सकाळची घेतलेली बरी. सगळ्यात गाजलेली राइड संध्याकाळी सहाची आणि बाकी दोन्ही दुपारच्या अशी निवड करणाऱ्याचा अर्धा दिवस कुलूपबंद राहतो. एक राइड मात्र दिवसात एकदाच. कागदी चिठ्ठीच्या काळी असा निर्बंध नव्हता. वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम, एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या तीन पार्कांत आणखी एक गाठ आहे. राइड दोन गटांत विभागलेल्या, वरच्या गटातली आगाऊ एकच घेता येते. पहिली वापरल्यावर हा भेद उरत नाही, त्यामुळे वरच्या गटातली दुसरी राइड हवी तर ती त्याच दिवशीच शोधावी लागते.

राइड बंद पडली तर काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. ज्यांची वेळ त्या दरम्यान होती त्यांचा पास मोकळा होतो. तीच राइड सुरू झाल्यावर केव्हाही, किंवा ठरवून दिलेल्या दुसऱ्या एखाद्या राइडवर तो चालतो. मग राइड सुरू होते आणि दोन तासांचे सगळे पासवाले एकदम दारात येतात. त्या वेळी साध्या रांगेत उभे असणे म्हणजे पुढच्या वळणापर्यंतही पोहोचण्याची आशा सोडणे.

याहून निराळा प्रकार आभासी रांगेचा. ५ डिसेंबर २०१९ रोजी हॉलिवूड स्टुडिओजमध्ये राइज ऑफ द रेझिस्टन्स ही राइड उघडली तेव्हा तिला साधी रांगच नव्हती. फोनवर गटक्रमांक मिळवायचा आणि बोलावणे आले की जायचे. क्रमांक काही क्षणांत संपत. नंतरच्या राइडसाठी सकाळी सात आणि दुपारी एक अशा दोन खेपा ठरल्या; सकाळी कुठूनही नाव घालता येई, दुपारी मात्र पार्कात असावेच लागे. पैसा नाही, आगाऊ काही नाही, पण सात वाजून एक मिनिटाने जागा झालेल्याला ती राइड त्या दिवशी बहुधा मिळत नसे. साधी रांग कितीही लांब असली तरी थांबण्याची तयारी असलेल्याला शेवटी आत घेते. आभासी रांगेने ती मुभाही काढून घेतली. माझ्या मते या सगळ्या प्रकारांत सर्वांत कठोर हाच.

आकडे काय सांगतात

रांगांचे शास्त्र जुने आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग यांनी १९०९ मध्ये त्याचा पाया घातला, आणि १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी एक साधा नियम सिद्ध केला: रांगेतली माणसे म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा काळ. पार्कात तो असा लागू होतो. समजा, एका राइडवर तासाला १,८०० जण बसू शकतात आणि साध्या रांगेत ४५० माणसे आहेत. दुसरी रांगच नसती तर शेवटचा माणूस पंधरा मिनिटांत बसला असता. दोन रांगा जिथे मिळतात तिथे उभा असलेला कर्मचारी दर चार जागांपैकी तीन पासवाल्यांना देत असेल, तर साध्या रांगेच्या वाट्याला तासाला ४५० जागाच येतात आणि तोच माणूस तासभर थांबतो. बाहेरची पाटी ६० मिनिटे दाखवते. तीत खोटे काही नसते, पण रांगेची लांबी पाहून अंदाज बांधणारा चकतो.

म्हणजे पासाने एकही जागा वाढत नाही. उलट, ज्याच्या हातात चारची चिठ्ठी आहे तो मधल्या वेळात दुसऱ्या रांगेत उभा राहतो. एकच माणूस दोन ठिकाणी वाट पाहतो आणि एरवी मोकळ्या असलेल्या राइडवरही गर्दी होते. जागा खरोखर वाढवायच्या तर बांधकाम करावे लागते. २०१६ मध्ये हॉलिवूड स्टुडिओजच्या टॉय स्टोरी मेनिया या राइडला तिसरा मार्ग आणि एपकॉटच्या सोरिनला तिसरे प्रेक्षागृह जोडले, तेव्हा दोन्हींची क्षमता दीडपट झाली.

इतरत्र

कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये मल्टी पास आधी विकत घेता येतो, पण राइडच्या वेळा पार्कात शिरल्यावरच निवडता येतात. तिथे येणाऱ्यांत आसपासचे वार्षिक पासवाले भरपूर. आठवडाभर आधी कोण बेत आखणार? फ्लोरिडात लोक विमानाने, हॉटेल ठरवून येतात. टोकियोच्या डिस्ने पार्कांतही त्याच दिवसाचे राज्य आहे. मे २०२२ पासून प्रीमियर अ‍ॅक्सेस एकेका राइडचा सुटा विकला जातो, तोही आत गेल्यावरच. युनिव्हर्सल या दुसऱ्या पार्क-कंपनीचा एक्सप्रेस पास वेळ ठरवूनच देत नाही. गेलात की वेगळ्या दाराने घेतात. त्यांच्याच ऑरलँडोमधल्या व्होल्कॅनो बे या जलउद्यानाने २०१७ मध्ये मनगटपट्टीवर आभासी रांग आणली: घसरगुंडीच्या खांबाला पट्टी टेकवायची आणि ती थरथरेपर्यंत पाण्यात डुंबायचे.

आपल्याकडे खोपोलीजवळच्या इमॅजिकाचे एक्सप्रेस तिकीट किंवा वंडरलाचे फास्टट्रॅक हे युनिव्हर्सलच्या जातीचे, वेळेच्या चिठ्ठीविना. वेळ छापलेली चिठ्ठी मराठी माणसाला भेटते ती तिरुपतीला: ३०० रुपयांचे विशेष प्रवेश दर्शन आगाऊ ऑनलाइन, आणि ज्याला ते मिळाले नाही त्याला तिरुपती गावात केंद्रांवर मिळणारे सर्वदर्शनाचे टोकन.

ज्यांना रांगेत उभे राहता येत नाही

अपंगत्व असलेल्यांसाठी डिस्नेमध्ये वेगळी सोय आहे: साध्या रांगेइतका वेळ बाहेर काढायचा आणि मग पासवाल्यांच्या दाराने जायचे. जुन्या पद्धतीत थेट आत सोडत. काही श्रीमंत कुटुंबे अपंग ‘मार्गदर्शक’ भाड्याने घेऊन रांगा टाळतात अशा बातम्या २०१३ मध्ये आल्या आणि त्याच ऑक्टोबरात पद्धत बदलली. २०२४ मध्ये निकष आणखी आवळले. ही सोय मुख्यतः स्वमग्नतेसारख्या विकासविषयक अडचणी असणाऱ्यांपुरती ठेवली गेली, आणि शारीरिक व्याधी असलेल्या अनेकांना रांगेतून तात्पुरते बाहेर पडून परत येण्याचा पर्याय सुचवला गेला. त्यावरून मोठी नाराजी उसळली.

लहान मूल उंचीत बसत नसेल (फ्लाइट ऑफ पॅसेजला ११२ सेंटिमीटर लागतात) तर रायडर स्विच मागावा. एक पालक मुलापाशी थांबतो, दुसरा जाऊन येतो, मग पहिल्याला पुन्हा रांग लावावी लागत नाही. याला पैसे नाहीत आणि आधी बुकिंगही नाही. दारातल्या कर्मचाऱ्याला सांगितले की झाले.