न्यू ग्लॅरस टाऊन आणि न्यू ग्लॅरस व्हिलेज: नाव एक, भानगडी दोन

मॅडिसन-शिकागोकडची आपली मंडळी वीकेंडला विस्कॉन्सिनमधल्या न्यू ग्लॅरसला जाऊन येतात, चीज घेतात, लाकडी बाल्कन्यांच्या स्विस घरांसमोर फोटो काढतात आणि घरी आल्यावर पोस्ट टाकतात की १८४५ साली स्थापन झालेलं हे चिमुकलं व्हिलेज आता वाढून टाऊन झालंय. हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचलंय की आता डोक्यात जातं. १८४५ साली कुठलंही व्हिलेज स्थापन झालं नाही, आणि विस्कॉन्सिनमधे व्हिलेज वाढून त्याचं टाऊन होत नाही, कधीच नाही. झालंय ते बरोब्बर उलटं, टाऊनमधून व्हिलेज कापून वेगळं काढलंय, आणि तेही १९०१ साली.

व्हिलेज म्हणजे काय यावर फार वेळ घालवत नाही, ते तुम्ही पाहिलेलंच असतं. दुकानं, चर्च, फुटपाथ, नळाचं पाणी, निवडून आलेलं बोर्ड आणि त्याचा प्रेसिडेंट. न्यू ग्लॅरस व्हिलेजमधे आज दोन-सव्वादोन हजार लोक राहतात. संपला विषय.

घोटाळा सगळा टाऊनचा आहे. आपल्या डोक्यात उतरंड पक्की बसलेली असते, की व्हिलेज सगळ्यात लहान, त्याहून मोठं टाऊन, त्याहून मोठी सिटी. विस्कॉन्सिनच्या कायद्यात अशी उतरंडच नाहीये. तिथे टाऊन म्हणजे जमिनीचा एक तुकडा आणि त्या तुकड्याचा कारभार बघणारी संस्था. त्यात एकही दुकान नसलं तरी ते टाऊनच. म्हणून तर गाडी चालवताना दोन्ही बाजूंना मक्याशिवाय काही नसतं आणि मधेच पाटी येते 'टाऊन ऑफ प्रिमरोझ', मग मागच्या सीटवरून कोणीतरी विचारतं की टाऊन कुठाय. अहो तुम्ही टाऊनमधेच आहात, तो मका म्हणजेच टाऊन.

आपल्याकडच्या शब्दांत सांगायचं तर व्हिलेज म्हणजे गावठाण आणि टाऊन म्हणजे शिवार. पण इथे एक फरक आहे आणि तो नीट समजून घ्या. आपल्याकडे गावठाण आणि शिवार एकाच ग्रामपंचायतीत असतात, गावठाणातला माणूस आणि मळ्यात वस्ती करून राहणारा माणूस एकाच सरपंचाकडे जातात. विस्कॉन्सिनमधे व्हिलेज एकदा रीतसर झालं की ते टाऊनच्या बाहेर पडतं. त्याचा टॅक्स वेगळा, रस्ते वेगळे, निवडणूक वेगळी. व्हिलेजमधे राहणारा माणूस टाऊनचा मतदार नसतो आणि टाऊनमधला शेतकरी, त्याचं घर व्हिलेजच्या हद्दीपासून हाकेच्या अंतरावर का असेना, व्हिलेजच्या बोर्डाला मत देऊ शकत नाही.

आता हे असं का, ते कळायला न्यू ग्लॅरस कसं वसलं ते बघायला लागतं.

जमिनीची आखणी वस्तीच्या आधी झाली होती. १७८५ च्या कायद्याने अमेरिकन सरकारने ठरवलं की पश्चिमेकडची जमीन सहा मैल बाय सहा मैलांच्या चौकोनांत मोजायची, प्रत्येक चौकोनात एक चौरस मैलाचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा, आणि सोळावा सेक्शन शाळेसाठी राखून ठेवायचा. दक्षिण विस्कॉन्सिनची ही जमीन हो-चंक या तिथल्या मूळनिवासी लोकांची, ती त्यांच्याकडून १८२९ आणि १८३२ च्या करारांनी सरकारने काढून घेतली आणि १८३० च्या दशकात मोजणीवाले साखळ्या घेऊन फिरले. न्यू ग्लॅरस ज्या ग्रीन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) येतं, ती म्हणजे असे १६ चौकोन, चार बाय चार, नकाशावर बघा, बुद्धिबळाचा पट कापून ठेवल्यासारखी दिसते. हा मोजणीचा चौकोन म्हणजे सर्व्हेचं टाऊनशिप, त्याला सरकार नाही, टॅक्स नाही, तो फक्त खरेदीखतात जमीन कुठली ते सांगण्यापुरता. पुढे त्याच चौकोनावर कारभार बसवला की ते टाऊन. न्यू ग्लॅरसच्या बाबतीत दोन्हीच्या रेषा एकच असल्याने लोक इथेही गोंधळतात, पण एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे, यावर जास्त डोकं लावू नका.

तर अशा एका चौकोनात १८४५ साली स्विस लोक आले. स्वित्झर्लंडच्या ग्लॅरस कँटनमधे (कँटन म्हणजे तिथलं राज्य) तेव्हा हाल होते, यंत्रांमुळे हातमागवाल्यांचं काम गेलेलं, डोंगरदऱ्यांत शेतजमीन मुळात थोडी आणि खाणारी तोंडं जास्त. मग तिथल्या लोकांनी स्थलांतरासाठी एक संस्था काढली आणि निकलाउस ड्युर्स्ट आणि फ्रिडोलिन श्ट्राइफ या दोघांना जमीन शोधायला पुढे पाठवलं. ते दोघं ओहायो, इंडियाना, इलिनॉय असं फिरत शेवटी विस्कॉन्सिनला आले आणि मिनरल पॉइंटच्या सरकारी जमीन कचेरीतून १२०० एकर शेतीची आणि ८० एकर जंगलाची जमीन घेतली, एकरी सव्वा डॉलर. मागून एप्रिलमधे १९३ माणसं घर सोडून निघाली, ऱ्हाइन नदीने हॉलंडला, तिथून जहाजाने बाल्टिमोर, मग ओहायो नदीने खाली येत सेंट लुईस, मिसिसिपीने वर गॅलिना आणि तिथून पुढे चालत. काही वाटेत गेले, काही वाटेतच कुठेकुठे थांबले, ऑगस्टच्या मध्यावर पोचले ते १०८ जण.

इथे एक किरकोळ चूक उरकून टाकतो. ही जमीन होमस्टेड कायद्याने फुकट मिळाली असं बरेच जण बिनदिक्कत लिहितात. होमस्टेडचा कायदा १८६२ चा, म्हणजे १७ वर्षांनंतरचा. या लोकांनी रोख पैसे मोजून जमीन घेतली. पुढचं.

प्रत्येक कुटुंबाला चिठ्ठ्या टाकून २० एकर मिळाले. आपल्याला वीस एकर म्हणजे बागायतदार वाटतो, आणि ग्लॅरसच्या दरीतून आलेल्यालाही तसंच वाटलं असणार, पण त्या मोजणीत सरकारी जमिनीचा नेहमीचा सगळ्यात लहान तुकडा ४० एकरांचा असायचा, म्हणजे यांना त्याचाही अर्धाच मिळाला. थोड्याच वर्षांत वीस एकरांत भागत नाही हे दिसून आलं आणि ज्याला जमेल तो आजूबाजूची जमीन घेत पसरत गेला.

आता आकडे शेजारी ठेवून बघा. पूर्ण चौकोन २३,०४० एकरांचा. स्विस लोकांची मूळ खरेदी १२८० एकर. म्हणजे अठरावा हिस्सा! आणि तो अठरावा हिस्साही शेतजमीन आणि जंगल होता, त्याच्यावर कोणी गाव आखून बसलं नव्हतं. १८४५ साली जी स्थापन झाली ती शेतकऱ्यांची वसाहत. चर्च आणि दुकानं एका जागी जमत गेली, त्या जागेला लोक आपल्या बोलण्यात व्हिलेज म्हणतही असतील, पण कायद्याच्या लेखी ती जागा टाऊनचाच भाग होती. रस्ता करायचा तर टाऊन करणार, टॅक्स गोळा करायचा तर टाऊन करणार.

आणि ते टाऊन कुठून आलं? न्यूयॉर्क आणि न्यू इंग्लंडकडून आलेले यँकी लोक ही पद्धत सोबत घेऊन आले होते. १८४८ साली विस्कॉन्सिन राज्य झालं तेव्हा राज्यघटनेतच लिहिलं गेलं की टाऊन आणि काउंटीच्या कारभाराची पद्धत राज्यभर शक्य तेवढी एकसारखी असावी. म्हणून टाऊन सगळीकडे आहे, जी जमीन कुठल्या सिटीत किंवा व्हिलेजमधे नाही ती आपोआप कुठल्यातरी टाऊनमधे असतेच, मधे रिकामी जागा नाही. आज राज्यात असे बाराशेच्या वर टाऊन आहेत.

मला स्वतःला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती सभा, आणि तीच कोणी लिहीत नाही. टाऊनची वार्षिक सभा एप्रिलमधे भरते आणि त्यात टाऊनचा कुठलाही मतदार उठून बोलू शकतो, मत देऊ शकतो, टॅक्स किती घ्यायचा यावरसुद्धा. ग्रामसभेसारखंच, पण पैशाचे निर्णय खरोखर तिथे होऊ शकतात. व्हिलेजला अशी सभा नसते, तिथे तुम्ही ट्रस्टी निवडता आणि कारभार ते करतात, तुम्ही फार तर बैठकीला जाऊन बसता. आता ग्लॅरस कँटनची पद्धत आठवा. तिथे आजही मे महिन्यात लांडस्गेमाइंड भरते, कँटनचे नागरिक उघड्या मैदानात जमतात आणि हात वर करून कायदे पास करतात, आणि ही परंपरा चौदाव्या शतकापासूनची आहे. म्हणजे जी माणसं पिढ्यानपिढ्या मैदानात हात वर करून मत देत आली ती समुद्र ओलांडून अशा राज्यात पोचली जिथे यँकी लोकांनी स्वतःच्या कारणांनी जवळपास तशीच पद्धत आणून ठेवली होती. स्विस घरांच्या बाल्कन्या बघून 'हुबेहूब स्वित्झर्लंड' म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की ग्लॅरसशी खरं साम्य बघायचं तर टाऊनची सभा बघा. त्या बाल्कन्यांतल्या बऱ्याचशा विसाव्या शतकात पर्यटकांसाठी केलेल्या आहेत.

चीजचंही तेच. न्यू ग्लॅरसचं चीज म्हटलं की डोळ्यासमोर व्हिलेजमधलं दुकान येतं, पण चीज बनायचं ते टाऊनमधे. सुरुवातीला हे लोक गहू पिकवत होते, गव्हाने जमीन थकली आणि किडीने पीक खाल्लं तसे ते गाईंकडे वळले. १८६८ साली निकलस गर्बरने ग्रीन काउंटीत लिंबर्गर चीजचा कारखाना काढला आणि नंतर असे छोटे छोटे कारखाने शेतांमधल्या चौकाचौकात उभे राहिले. कारण साधं आहे, फ्रीज नव्हते, दूध घोडागाडीतून न्यायचं, लांब नेलं तर नासणार, म्हणून कारखानाच दुधाजवळ पाहिजे.

मग व्हिलेज का वेगळं झालं? १८८७ साली ब्रॉडहेडहून रेल्वेचा फाटा न्यू ग्लॅरसपर्यंत आला (तो आता उखडलाय, त्या मार्गावर शुगर रिव्हर सायकल ट्रेल आहे) आणि स्टेशनजवळच्या वस्तीला जोर आला. आता ज्या वस्तीत घरं खेटून आहेत तिला पाणी, दिवे, आगीचा बंब असलं सगळं लागतं आणि चार मैलांवरच्या शेतकऱ्याला त्यासाठी टॅक्स भरायचा नसतो. मिडवेस्टमधे सगळीकडे हीच ओढाताण दिसते आणि तोडगाही हाच, वस्तीपुरती हद्द आखायची आणि तिला वेगळं करायचं. न्यू ग्लॅरसमधे ते १९०१ साली झालं. चौकोनाच्या आत एक तुकडा कापला गेला, उरलेलं टाऊन त्याच्या भोवती तसंच राहिलं. पुढे व्हिलेजला जागा कमी पडली की ते टाऊनची लगतची जमीन आपल्यात ओढून घेतं, त्यामुळे व्हिलेज वाढतं तसं टाऊन कमी होतं. व्हिलेजचं टाऊन झालं म्हणणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

पूर्वजांचा शोध घेणारे किंवा जनगणनेचे आकडे लावून लेख लिहिणारे इथे हमखास आपटतात. १९०० च्या जनगणनेतला न्यू ग्लॅरस टाऊनचा आकडा आणि १९१० चा आकडा शेजारी ठेवले की वाटतं लोक गाव सोडून गेले, दुष्काळ पडला का, साथ आली का. कोणी कुठे गेलेलं नसतं, मधल्या काळात व्हिलेजमधली माणसं वेगळ्या ओळीत मोजायला लागलेले असतात. १९०१ च्या आधीची कुठलीही नोंद 'न्यू ग्लॅरस' म्हणत असेल तर ती टाऊनची समजा, मग माणूस चर्चशेजारी राहत असो नाहीतर चौकोनाच्या पार कोपऱ्यात. आणि १९१० पासून पुढच्या तक्त्यात वसाहतीची लोकसंख्या हवी असेल तर दोन्ही ओळींची बेरीज करा, एकच उचलू नका.

तसंच प्रिमरोझचं. न्यू ग्लॅरसच्या उत्तरेला लागून, डेन काउंटीत. पुढे विस्कॉन्सिनचा गव्हर्नर आणि सिनेटर झालेला रॉबर्ट ला फॉलेट १८५५ साली तिथे जन्मला आणि लोक 'प्रिमरोझ नावाच्या व्हिलेजमधे' असं लिहून मोकळे होतात. प्रिमरोझ आजही टाऊनच आहे, त्यातून व्हिलेज कधी कापलंच गेलं नाही.

बाकी फरक बारीकसारीक आहेत. टाऊनला चेअरमन, व्हिलेजला प्रेसिडेंट. टाऊनला बहुतेक ठिकाणी तीन सुपरवायझर, व्हिलेजला त्याहून जास्त ट्रस्टी. हे पाठ करायची गरज नाही.

फक्त हे सगळं उचलून शेजारच्या राज्यांना लावू नका, ही माझी विनंती आहे, कारण तिथे नियम वेगळे. मिशिगनमधे व्हिलेज टाऊनशिपच्या आतच राहतं आणि व्हिलेजमधला माणूस दोन्हीकडे मत देतो, दोन्हीकडे टॅक्स भरतो. इलिनॉयमधेही टाऊनशिप बहुतेक ठिकाणी व्हिलेजच्या अंगावरून तशीच पुढे जाते. मिनेसोटाने तर १९७४ पासून व्हिलेज हा प्रकारच कायद्यातून काढला, होती तेवढी सगळी सिटी झाली, त्यामुळे तिथे शेदोनशे वस्तीचं गावही सिटी म्हणून पाटी लावून उभं असतं. राज्य कुठलं ते आधी बघा, मग साल बघा, आणि त्यानंतर नाव वाचा.