दुखऱ्या कमरेला हालचालच हवी

पंचविशीतल्या मुलीची कंबर तीन महिने झाले तरी दुखायची थांबत नाही, ती एमआरआय काढते आणि रिपोर्टमध्ये ‘डिस्क बल्ज’, म्हणजे मणक्यांमधली चकती फुगलेली, असं लिहून येतं. मग वाकणं बंद, वजन उचलणं बंद, व्यायाम तर नावालाही नको. अनेकींचं दुखणं या भीतीपायीच लांबत जातं.

2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन तपासले होते. त्यांतल्या विशीतल्या सुमारे 30 टक्के जणांची चकती फुगलेली होती. म्हणजे रिपोर्टमधला तो शब्द दरवेळी दुखण्याचं कारण असतोच असं नाही. जुन्या कंबरदुखीत बहुतेकदा एका ठरावीक बिघाडावर बोट ठेवता येत नाही. मणक्यालगतचे स्नायू वापराविना अशक्त होतात आणि मज्जासंस्था जास्तच सावध होऊन साध्या हालचालीलाही धोका समजू लागते. व्यायाम या दोन्हींवर काम करतो.

‘बर्ड-डॉग’ हा त्यातला अगदी सोपा प्रकार. तळहात आणि गुडघे जमिनीला टेकवा, पाठ सपाट ठेवा. आता उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करा. कंबर एका बाजूला कलू लागते, तिला तसं होऊ न देणं हाच खरा व्यायाम. पाच-सात सेकंद थांबायचं, श्वास रोखायचा नाही, मग बाजू बदलायची. पाय फार उंच नेला की कमरेला खळगा पडतो. पाय कमरेच्या रेषेतच राहू द्या.

पिलाटेस, योगासनं की वजनं? जो आवडेल आणि टिकेल तो, असं माझं स्पष्ट मत आहे. कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणारी संस्था. तिच्या 2021 च्या आढाव्यात जुन्या कंबरदुखीवरच्या व्यायामाच्या 249 चाचण्यांचा विचार झाला. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत वेदना 100 पैकी सरासरी 15 गुणांनी कमी झाल्या. चमत्कार नव्हे, पण रोजच्या जगण्यात हा फरक जाणवतो. नुसतं चालणंही कामाचं आहे: ऑस्ट्रेलियातल्या 2024 च्या एका चाचणीत, कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्यांपैकी चालण्याचा कार्यक्रम दिलेल्यांना पुन्हा त्रास व्हायला साधारण 208 दिवस लागले, इतरांना 112.

सुरुवातीला थोडं दुखेल. दुसऱ्या दिवशी ते पूर्ववत झालं तर प्रमाण बरोबर आहे. नाही झालं तर आवर्तनं कमी करा, व्यायाम सोडू नका. पाळीच्या दिवसांत कंबर जास्त दुखते, तेव्हा हलकंच करा. दर महिन्याला पाळीतलं दुखणं असह्य होत असेल, तर मात्र एंडोमेट्रिऑसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) शंका घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायला हवं.

सकाळी अर्ध्या तासाहून जास्त कंबर आखडलेली राहते, विश्रांतीने बरं वाटत नाही पण हिंडल्याफिरल्यावर वाटतं, असं असेल तर तो मणक्याचा दाहक संधिवात असू शकतो. तरुण स्त्रियांमध्ये त्याचं निदान बऱ्याचदा उशिरा होतं, म्हणून संधिवाततज्ज्ञांकडे लवकर जा. ताप, विनाकारण घटणारं वजन किंवा पायातली वाढती अशक्तता असेल तर व्यायामाआधी डॉक्टर. जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी थेट रुग्णालय गाठा.