खिमा मशीन असो की हँड ग्राइंडर : सुधारणेचं पेटंट घ्यायचं तर अर्ज कसा करायचा

वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तळोजा. ठाणे-नवी मुंबईच्या या औद्योगिक पट्ट्यातल्या गाळ्यांमध्ये मशीन जसं आलं तसं फार दिवस राहत नाही. कुणी हँड ग्राइंडरच्या गार्डला वेगळी खिट्टी लावतो, कुणी खिमा मशीनच्या स्क्रूला लेथवर जादा खाच पाडतो, मासे प्रक्रियेच्या कारखान्यातला एखादा फिटर खवले काढायच्या ड्रमचा उतार बदलतो आणि काम लवकर उरकायला लागतं. पुढे ती सुधारणा तिथेच पडून राहते, नाहीतर महिन्याभरात शेजारच्या गाळ्यात पोचते.

मी अशा गाळ्यांसाठी ड्रॉइंग आणि पेटंट अर्जाचे मसुदे करतो. सरकारी फीमुळे कुणी अडलेलं मी पाहिलेलं नाही. अर्ज बुडतो तो दोन कारणांनी. वस्तू आधीच लोकांना दाखवलेली असते, किंवा नेमकं काय सुधारलं हे मालकाला कागदावर सांगता येत नाही. म्हणून या दोन गोष्टींवर मी जास्त लिहिणार आहे.

नुसत्या सुधारणेला पेटंट मिळतं का?

मिळतं. पेटंट कायदा १९७० चा. वस्तू किंवा पद्धत नवी हवी, त्या कामातल्या जाणकाराला सहज सुचणारी नको आणि उद्योगात वापरता येण्याजोगी हवी, एवढीच अट आहे. संपूर्ण मशीन तुम्हीच शोधलेलं असावं असं कायदा म्हणत नाही. हातात धरायचं विजेचं ड्रिल जर्मनीत फाइन यांनी १८९५ मध्येच केलं होतं. अमेरिकेत ब्लॅक आणि डेकर या दोघांनी त्याला पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा खटका दिला, १९१४ मध्ये अर्ज केला आणि १९१७ मध्ये पेटंट मिळवलं. आज तुमच्या गाळ्यातलं ड्रिल उचलून पाहा, मूठ तीच आहे.

पण सगळ्याच सुधारणा या चाळणीतून उतरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा निकाल आपल्यासारख्यांनी मुद्दाम माहीत करून घ्यावा. मिर्झापूरच्या एका भांडी बनवणाऱ्या कंपनीने लेथवर भांडं पकडायच्या साधनाचं पेटंट घेतलं होतं. प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं आणि पेटंट रद्द ठरलं. कोर्टाचं म्हणणं असं, की जुन्या साधनात कारागीर सहज करेल असा फेरफार म्हणजे शोध होत नाही, सुधारणेत त्याहून जास्त काहीतरी हवं. कलम ३ चं 'एफ' उपकलमही याच अंगाचं आहे. माहीत असलेली साधनं शेजारी शेजारी बसवली आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम स्वतंत्रपणे करत राहिलं, तर ते पेटंटयोग्य नाही. ग्राइंडरवर टॉर्च बांधला, तर ग्राइंडर घासतो आणि टॉर्च उजेड देतो. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.

मग सहज न सुचणारं म्हणजे काय, हे हत्यारं आणि मांसाची मशीनं या दोन्हींना जोडणाऱ्या एका गोष्टीतून छान कळतं. लाकूड कापायच्या टेबल सॉला बोट लागताच पातं थांबवायची युक्ती स्टीफन गॅस या अमेरिकी माणसाने १९९९ मध्ये काढली. पात्यावर बारीक विद्युत संकेत खेळता ठेवायचा. शरीराचा स्पर्श झाला की तो बदलतो, ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो आणि साधारण पाच मिलिसेकंदांत पातं थांबतं. आता हीच युक्ती हाडं कापायच्या बँड सॉला लावायची म्हटली तर? लावता येत नाही. ओलं मांस स्वतःच वीज वाहून नेतं, त्यामुळे पहिल्या तुकड्यालाच पातं थांबेल. म्हणून मांसाच्या बँड सॉसाठी लोकांनी निराळे मार्ग शोधले. त्यातला एक म्हणजे कामगाराच्या हातमोज्याचा रंग कॅमेऱ्याने ओळखणं. इथली कल्पना उचलून तिथे लावता येत नव्हती, ती अडचण ओलांडावी लागली. तपासणारा अधिकारी तुमच्या अर्जात अशी अडचण आणि तिच्यावरचा तोडगा शोधत असतो.

आधी धुंडाळा

पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर 'इनपास' नावाची फुकट शोधसुविधा आहे. गूगल पेटंट्स आणि युरोपची एस्पासनेटही फुकट आहेत. नुसते शब्द टाकून शोधलं तर हाती फारसं लागत नाही, वर्गीकरणाचा कोड टाका. जनावर कापणीची साधनं ए२२बी मध्ये, मांस, कोंबडी आणि मासे यांवरच्या प्रक्रियेची ए२२सी मध्ये, खिमा मशीन बी०२सी १८ मध्ये, हातातल्या विजेच्या हत्यारांचे सुटे भाग बी२५एफ ५ मध्ये आणि हँड ग्राइंडर बी२४बी २३ मध्ये. अक्षरं अर्थात इंग्रजीत टाइप करायची.

इथे एक गैरसमज सतत भेटतो. अमेरिकेत पेटंट असलेली पण भारतात अर्जच न झालेली वस्तू इथे बनवून विकता येते, कारण पेटंट त्या त्या देशापुरतं असतं. मात्र तिचं पेटंट तुम्हाला मिळणार नाही. जगात कुठेही प्रसिद्ध झाली की ती नवी राहत नाही. उलट, भारतात कुणाचं मूळ पेटंट चालू असेल आणि तुम्हाला त्यावरच्या सुधारणेचं पेटंट मिळालं, तरी मूळ मालकाच्या परवानगीशिवाय तुम्हाला माल काढता येत नाही.

अर्ज आधी, प्रदर्शन नंतर

रबाळ्याचा एक कारखानदार कोंबडीची पिसं काढायच्या ड्रमची सुधारणा घेऊन माझ्याकडे आला होता. रबरी बोटांची मांडणी खरोखर हुशारीची होती. पण तीन आठवड्यांपूर्वी त्याने वाशीला प्रदर्शनात ते मशीन चालवून दाखवलं होतं आणि त्याचा व्हिडिओ गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर फिरत होता. मला फार वाईट वाटलं. त्यानंतर नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न मी हाच विचारतो : कुणाला दाखवलंय का?

कायद्यात थोडी सवलत आहे, पण ती फक्त केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना. तिथे दाखवल्यापासून १२ महिन्यांत अर्ज करायचा आणि फॉर्म ३१ द्यायचा. नेहमीचं औद्योगिक प्रदर्शन या सवलतीत आपोआप बसत नाही. गिऱ्हाइकाकडे चाचणी घ्यायचीच असेल तर आधी गोपनीयतेचा करार लिहून घ्या.

आणि घाई असेल तर प्रोव्हिजनल अर्ज करा. मशीन पूर्ण तयार नसलं तरी चालतं. कल्पना नीट मांडून तारीख पक्की करायची आणि १२ महिन्यांच्या आत पूर्ण तपशील दाखल करायचा. हे बारा महिने चुकले तर अर्ज सोडून दिला असं धरतात. प्रोव्हिजनल म्हणजे दोन ओळी खरडायच्या, असंही समजू नका. त्यात जे लिहिलेलं नाही त्याला ती तारीख मिळत नाही.

कुणाच्या नावाने, कोणते कागद

खरा शोधक किंवा त्याने लेखी हक्क दिलेला कुणीही अर्ज करू शकतो. एकट्या मालकीची फर्म असेल तर अर्ज मालकाच्या नावाने करा. सुधारणा फिटरने केली असेल तर शोधक म्हणून त्याचंच नाव घाला. पगार देतो म्हणून शोध आपोआप मालकाचा होत नाही. त्याच्याकडून हक्क लिहून घ्यावा लागतो किंवा फॉर्म १ वर त्याची तशी सही घ्यावी लागते. हा पुरावा अर्जासोबत किंवा सहा महिन्यांत द्यायचा.

फॉर्म १ हा मुख्य अर्ज, फॉर्म २ मध्ये तपशील, दावे (म्हणजे नेमका कशावर हक्क सांगताय ती वाक्यं), सारांश आणि ड्रॉइंग. फॉर्म ३ परदेशात अर्ज केलाय की नाही याचा, केला नसला तरी भरायचा. फॉर्म ५ शोधक कोण याची घोषणा, तो पूर्ण तपशिलासोबत जातो. पेटंट एजंट नेमला तर फॉर्म २६. लहान उद्योग म्हणून फीची सवलत हवी असेल तर फॉर्म २८ आणि उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र. व्यक्ती म्हणून अर्ज केला तर सवलत तशीच मिळते. एजंट सक्तीचा नाही, पण दावे लिहायला त्याची मदत घेतलेली बरी.

मुंबईचं पेटंट कार्यालय ॲन्टॉप हिलला बौद्धिक संपदा भवनात आहे, ठाणे आणि नवी मुंबई त्याच्याच हद्दीत येतात. हार्बरने जीटीबी नगरला उतरून जाता येतं, पण जायची गरज क्वचित पडते. डिजिटल सही घेऊन सगळं ऑनलाइन भरता येतं, कागदावर भरलं तर फी दहा टक्के जास्त. सुनावणीही व्हिडिओवर होते. कागदपत्रं मात्र इंग्रजी किंवा हिंदीतच स्वीकारतात, मराठीत नाही. तरीही पहिला मसुदा मराठीतच लिहा असं मी आग्रहाने सांगतो. ज्याने काम केलं त्याच्या तोंडून खरं निघतं ते त्याच्या भाषेत. भाषांतर नंतर करता येतं.

तपशील लिहिणं

समजा, खिमा मशीन आहे. 'सुधारित आणि कार्यक्षम खिमा मशीन' असं लिहून काहीही हाती लागत नाही. क्रम असा धरा. आज मशीन कसं असतं : स्क्रू मांस पुढे ढकलतो, सुरी जाळीवर फिरते. अडचण काय : शिरा सुरीला गुंडाळतात, जाळी तुंबते, घर्षणाने खिमा गरम होतो आणि चरबी वितळून लिबलिबीत होते. तुम्ही काय बदललं : नेमका कोणता भाग, कुठे, किती कोनात. आणि त्या बदलामुळे अडचण का सुटते. हा 'का' बहुतेक मसुद्यांत नसतो. मोजमाप द्या : ताशी किती किलो, आत जाताना आणि बाहेर पडताना तापमान किती, किती वेळाने मशीन उघडून साफ करावं लागलं. बदलाआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी शेजारी ठेवा. हत्याराचं असेल तर कंपन, गार्ड बदलायला लागणारा वेळ, मोटारीचं तापमान असं काही मोजा.

गोम लपवून ठेवायचा मोह अनेकांना होतो. तसं करू नका. जाणकाराला वाचून वस्तू बनवता आली पाहिजे आणि तुम्हाला माहीत असलेली उत्तम पद्धत त्यात आली पाहिजे, अशी कायद्याचीच अट आहे. लपवलं तर पुढे पेटंट रद्द व्हायला तेवढं कारण पुरतं.

मग दावे. पहिला दावा शक्य तितका रुंद, पण जुन्या मशीनवर जाणार नाही इतका नेमका. पुढचे दावे त्याला धरून अरुंद होत जातात. दहापर्यंत दावे आणि तीसपर्यंत पानं मूळ फीत बसतात. शीर्षक पंधरा शब्दांत, सारांश दीडशे शब्दांत. नुसता आकारच नवा असेल, काम तेच असेल, तर पेटंट सोडा आणि डिझाइन कायदा २००० खाली नोंदणी करा. ते संरक्षण १० वर्षं मिळतं, पुढे ५ वर्षं वाढवता येतं.

फी आणि तारखा

व्यक्ती, स्टार्टअप किंवा लहान उद्योग असेल तर ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये, मोठ्या कंपनीला ८,०००. अर्ज केला म्हणजे तपासणी आपोआप होत नाही. फॉर्म १८ भरून ती मागावी लागते, सवलतीतली फी ४,०००. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना ही मागणी ३१ महिन्यांत करायची आहे. पूर्वी ४८ महिने असायचे आणि जुन्या माहितीवर विसंबलेले लोक इथे फसतात. लवकर तपासणी हवी असेल तर फॉर्म १८ए, फी ८,०००. स्टार्टअप आणि लहान उद्योगांना ती सोय आहे, तसंच सगळे अर्जदार व्यक्ती असून त्यांत एकतरी महिला असेल तरीही.

अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. तपासणीचा अहवाल आला की उत्तराला सहा महिने, मागितले तर आणखी तीन. अहवालात आक्षेप असतातच, घाबरायचं कारण नाही. मघाचा 'का' आणि मोजलेले आकडे इथे कामाला येतात. अर्ज केल्यावर मशीनवर 'पेटंट पेंडिंग' लिहायला हरकत नाही. पण मिळण्याआधीच 'पेटंटेड' छापलं तर १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं चालतं, तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी नूतनीकरण. सवलतीच्या दराने सहाव्या वर्षापर्यंत ८०० रुपये, दहाव्यापर्यंत २,४००, पंधराव्यापर्यंत ४,८०० आणि पुढे ८,०००. वीस वर्षांची बेरीज ७६,८०० होते. चार किंवा जास्त वर्षांची फी एकदम ऑनलाइन भरली तर दहा टक्के सूट.

परदेशात अर्ज करायचा असेल तर भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबा, नाहीतर आधी परवानगी घ्या.

दोन वर्षांनी त्याच खिमा मशीनमध्ये आणखी काही सुचलं, तर 'पेटंट ऑफ ॲडिशन' मागता येतं. आपल्याकडच्या गाळ्यांना याचा फायदा फार आणि माहिती फार कमी. मूळ पेटंटच्या मालकानेच अर्ज करायचा. नूतनीकरणाची वेगळी फी नाही, मुदत मूळ पेटंटबरोबर संपते. नवी भर मूळ शोधावरून सहज सुचण्यासारखी आहे, एवढ्या कारणाने ते रद्दही होत नाही.

२०२४ च्या नियमांत फॉर्म ८ए आला आहे. तो भरला की शोधकाला त्याच्या नावाचं सरकारी प्रमाणपत्र मिळतं. ज्या फिटरने स्क्रूची ती खाच पाडली, त्याच्यासाठी हा फॉर्म भरून घ्या. पेटंट चालू असेपर्यंतच ते प्रमाणपत्र मिळतं, म्हणून मंजुरीचा कागद हाती आला की लगेच.